सिलिकॉन कार्बाइड ई-बीमने चढवताना चौथ्या रनला थर काळा का पडतो?

पातळथर

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो.

यंत्र: चार कप्प्यांची ई-बीम गन (इलेक्ट्रॉनांच्या झोताने माल तापवून त्याची वाफ वेफरवर बसवणारी), १० किलोव्होल्ट, ६ किलोवॅट. कप्पा ७ सीसीचा, आत ग्राफाइट लायनर (माल ठेवायची वाटी).
माल: सिलिकॉन कार्बाइडचे ३ ते ६ मिमी तुकडे, प्रमाणपत्रावर ९९.५ टक्के.
स्रोत ते वेफर अंतर ३० सेंमी, बेस प्रेशर २ई-६ टॉर (म्हणजे २ गुणिले दहाचा उणे सहावा घात), सब्स्ट्रेट (ज्यावर थर चढतो तो वेफर) २५० अंशांवर, दर सेकंदाला १ अँगस्ट्रॉम.
हवंय काय: १०० मिमी सिलिकॉन वेफरवर २०० नॅनोमीटर थर. केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) खोल एचिंग, म्हणजे सिलिकॉन कोरून काढणं, करताना मुखवटा म्हणून वापरायचा आहे. त्याच रनमध्ये फ्यूज्ड सिलिकाचे दोन तुकडेही असतात.

होतंय काय: पहिल्या रनचा थर तपकिरी येतो आणि ३० टक्के केओएचमध्ये ८० अंशांना दहा मिनिटांत साफ निघून जातो. दुसरा-तिसरा रन बरा. चौथ्याला थर काळपट राखाडी, केओएचमध्ये टिकतो पण सेलोटेप लावली की अख्खा उचलून येतो. क्रिस्टल मॉनिटर (चढवतानाच थर मोजणारा) २०० नॅनोमीटर दाखवतो, प्रोफाइलोमीटर (नंतर पायरीची उंची मोजणारा) २५५. एफटीआयआरमध्ये (अवरक्त शोषणाच्या मोजमापात, आकडे प्रति सेंमी) ८०० च्या आसपास पसरट उंचवटा आणि १०५० ते ११०० मध्ये एक खांदा. सूक्ष्म छिद्रं भरपूर. फ्यूज्ड सिलिकावरचा थर तर बाहेर काढल्यावर तासाभरात गुंडाळ्या होऊन सुटतो.

रेसिपी चारही वेळा एकच. चुकतंय कुठे?

संप्लवन

रेसिपी एकच आहे, पण कप्प्यातला माल चारही वेळा एकच नव्हता.

सिलिकॉन कार्बाइड आपल्या नेहमीच्या दाबांना वितळत नाही आणि 'सिलिकॉन कार्बाइड' या रूपात वरही येत नाही. तापवलं की तुटतं. वाफेत मुख्यतः सुटे सिलिकॉन अणू असतात, जोडीला एक सिलिकॉन-दोन कार्बन आणि दोन सिलिकॉन-एक कार्बन असे रेणू. १९५८ सालीच मास स्पेक्ट्रोमीटरने हे मोजून झालंय. वाफेत सिलिकॉनचा वाटा जास्त, म्हणून मागे कार्बन उरतो. तुकड्यांच्या पृष्ठभागावर ग्राफाइटची साय धरते. (ग्राफीनवाले नेमका याच गोष्टीचा फायदा घेतात: कार्बाइडचा वेफर व्हॅक्यूममध्ये तापवला की सिलिकॉन उडतं आणि वर ग्राफीन राहतं. त्यांना हवं ते आपल्याला नको.)

आता तुमचेच आकडे घेऊ. छोटा सपाट स्रोत धरला तर लागणारं वस्तुमान म्हणजे पाय (३.१४) गुणिले अंतराचा वर्ग गुणिले जाडी गुणिले घनता. अंतर ३० सेंमी, खरी जाडी २५५ नॅनोमीटर, घनता अंदाजे २.५ धरा. एका रनला सुमारे ०.१८ ग्रॅम लागतात. कप्प्यातल्या आठेक ग्रॅमच्या भरणात हे काहीच नाही असं वाटतं. पण बीम अख्ख्या भरणावर पडत नाही, जेमतेम एक चौरस सेंटीमीटरवर पडतो. सिलिकॉन कार्बाइडच्या वजनात ७० टक्के सिलिकॉन, ३० टक्के कार्बन. गेलेलं सगळं सिलिकॉनच होतं असं कमाल धरलं, तर ०.१८ ग्रॅम सिलिकॉन द्यायला ०.२६ ग्रॅम कार्बाइड रिकामं व्हावं लागतं. एक चौरस सेंटीमीटरवर ती जवळपास ०.८ मिमी खोली झाली. चार रनला ३ मिमी. तुमचा तुकडाच ३ मिमीचा!

म्हणजे चौथ्या रनला बीम मुख्यतः ग्राफाइटवर पडतोय. दर कायम ठेवायला कंट्रोलर पॉवर वाढवत जातो, तापमान २१०० च्या पुढे गेलं की कार्बनच उडायला लागतो, आणि वेफरवर काळा थर बसतो. पडताळून पाहायचं तर चारही रनचा एमिशन करंट (बीमचा प्रवाह) काढा. दर तोच असताना करंट चढत गेला असेल तर साय धरली हे नक्की.

पातळथर

लॉग काढला. पहिला रन ६५ मिलिअँप, दुसरा ८०, तिसरा ९०, चौथा शेवटी शेवटी १३५. म्हणजे तुमचं निदान बरोबर. पण मग पहिला रन केओएचमध्ये का विरघळला? आणि एका पुरवठादाराच्या तक्त्यात १००० अंशांना १ई-४ टॉर बाष्पदाब दिलाय, तो कसा?

संप्लवन

त्या १००० अंशांवर विश्वास ठेवू नका. हा आकडा एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरत आलाय. शुद्ध सिलिकॉनला १ई-४ टॉरसाठी सुमारे १३३७ अंश लागतात. कार्बनशी बांधलेलं सिलिकॉन मोकळ्या सिलिकॉनपेक्षा सहज कसं सुटेल? कार्बाइडला त्याहून जास्तच तापमान लागणार. तुमच्या मालाने खरोखरच कमी तापमानाला दर दिला असेल, तर कप्प्यात मोकळं सिलिकॉन आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही बहुधा यातच आहे. कुरुंद यांना विचारा, मालाचा विषय त्यांचा.

कुरुंद

हाक मारलीच आहे तर: तुकड्यांची घनता मोजा. पाण्यात बुडवून, आर्किमिडीजच्या पद्धतीने. पाच ग्रॅम पुरेत, मिलिग्रॅमचा काटा हवा. तुकडे आधी पाण्यात उकळून घ्या, नाहीतर चिकटलेले बुडबुडे आकडा खाली ओढतात.

पातळथर

तीन वेळा मोजली. ३.०५, ३.०४, ३.०५.

कुरुंद

मग हा रिअॅक्शन बॉन्डेड माल आहे. कार्बाइडची भुकटी आणि कार्बन यांच्या कच्च्या गोळ्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवून तो करतात, आणि उरलेल्या फटींत सिलिकॉन तसंच भरून राहतं. हिशेब सोपा आहे: शुद्ध कार्बाइड ३.२१, सिलिकॉन २.३३, तुमचं ३.०५. म्हणजे आकारमानाने १८ टक्के, वजनाने १४ टक्के मोकळं सिलिकॉन. आठ ग्रॅमच्या भरणात ग्रॅमभराहून जास्त. बीमखाली सर्वांत आधी ते उडतं, पहिला थर जवळपास सिलिकॉनचाच बसतो. केओएच सिलिकॉन खाणारच, ते तर त्याचं कामच आहे.

'मग ९९.५ टक्के कसं लिहिलंय?' तर ते परक्या धातूंपुरतं असतं. लोखंड, अॅल्युमिनियम, टायटॅनियम वगैरे मिळून अर्धा टक्का. सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही 'आपलेच', त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण बिघडलेलं असलं तरी प्रमाणपत्र खरं ठरतं. माल मागवताना मोकळं सिलिकॉन किती आणि मोकळा कार्बन किती, हे दोन आकडे वेगळे लिहून मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा.

बाजारात काय काय मिळतं:

रिअॅक्शन बॉन्डेड: वर सांगितलं. स्वस्त, दिसायला गुळगुळीत, आपल्या कामाला वाईट. त्यातलं सिलिकॉन १४१४ ला वितळतं, तडतडतं, आणि थिजताना आकारमानाने वाढतं, त्यामुळे लायनरला तडे जातात.

सिंटर्ड: मोकळं सिलिकॉन नाही, पण भाजताना बोरॉन आणि कार्बन घालतात. मुखवट्याला चालेल, सेमीकंडक्टरच्या कामाला बोरॉन नडेल.

हॉट प्रेस्ड: यात बहुधा अॅल्युमिना किंवा बोरॉन असतं. आधी चौकशी करा.

रिक्रिस्टलाइज्ड: जवळजवळ शुद्ध, पण सच्छिद्र. छिद्रांतलं पाणी आणि हवा बाहेर काढायला वेळ द्यावा लागतो.

सीव्हीडी (वायूंपासून रासायनिक क्रियेने वाढवलेलं): घनता ३.२१, सर्वांत शुद्ध, किंमतही तशीच. सीव्हीडी भागांचं तुकडा-भंगार विकणारे असतात, ते मिळालं तर उत्तम.

सँडब्लास्टिंगची काळी किंवा हिरवी भुकटी मात्र चुकूनही कप्प्यात टाकू नका. बीम पडला की दाण्यांवर प्रभार साठतो, दाणे एकमेकांना ढकलतात आणि अर्धी भुकटी चेंबरभर उडते. १ मिमीखालचं काहीच नको.

नवीन तुकडे: चुंबक फिरवा (फोडताना लोखंड लागतं), कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये अर्धा तास, डीआय (क्षारविरहित) पाण्याने तीनदा, शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग १५० अंशांवर दोन तास. चाळणीने बारीक चुरा वेगळा काढा. हा चुराच तुमच्या छिद्रांचा अर्धा जनक आहे.

बीमवाला

आता गनकडे येऊ, कारण नुसता माल बदलून काम होणार नाही.

१) तुकडे थेट तांब्याच्या हार्थमध्ये (गनच्या पाण्याने थंड ठेवलेल्या कप्प्यात) कधीच नको. सिलिकॉन कार्बाइड उष्णता झपाट्याने वाहून नेतं, सगळी पॉवर पाण्यात जाते. आणि मोकळं सिलिकॉन असलंच तर ते आणि तांबं मिळून ८०२ अंशांनाच वितळतात, म्हणजे हार्थच जायचा. ग्राफाइट लायनर बरोबर आहे, फक्त तो कप्प्यात घट्ट बसू देऊ नका, भिंतीशी अर्धा ते एक मिमी फट ठेवा. टंगस्टन किंवा टँटलमच्या बोटीचा (विजेने तापवायच्या धातूच्या पात्राचा) विचारही नको, सिलिकॉन त्यांचं सिलिसाइड करतं आणि बोट ठिसूळ होऊन मोडते.

२) लायनर पाऊण भरा, मोठे तुकडे खाली, मध्यम वर, चपटी बाजू वर. तुकडा काठाबाहेर डोकावायला नको.

३) शटर बंद. बीम रुंद पसरवा, लायनरच्या तोंडाचा ७० टक्के भाग झाकेल इतका, पण काठावर पडू न देता. १० मिलिअँपवर ५ मिनिटं. मग दर मिनिटाला ५ मिलिअँप, त्याहून घाई नाही. प्रेशर १ई-५ च्या वर गेलं तर तिथेच थांबा, खाली येऊ द्या. थंड तुकडे वीज नीट वाहत नाहीत, गरम झाल्यावर वाहतात. म्हणून सुरुवातीलाच उड्या मारतात, नंतर शांत होतात.

४) काम करायच्या करंटपेक्षा १० टक्के वर नेऊन ३ मिनिटं ठेवा, मग खाली आणून दर स्थिर होऊ द्या, आणि मगच शटर उघडा. जे तडतडायचं ते शटरवर तडतडू दे.

५) बीम एका जागी उभा करू नका. त्रिकोणी स्वीप, दोन्ही दिशांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींच्या पटीत नसाव्यात, नाहीतर ठरावीक रेघाच जळतात. तुम्ही एक चौरस सेंटीमीटर वापरताय, तीन वापरलेत तर वरच्या हिशेबाने साय तिप्पट हळू धरेल.

६) दोन रननंतर भरण बदला. हे कंजूषपणाने पुढे ढकलू नका.

१० किलोव्होल्टला मऊ एक्स-रे निघतात, त्यामुळे खिडकीची शिशाची काच 'धूसर झाली' म्हणून साध्या काचेने बदलू नये. आत पाहायला वेल्डिंगची गडद काच वापरा.

आर्गॉन

हे सगळं वाचून एकच प्रश्न पडतो: स्पटर (मालाच्या चकतीवर, म्हणजे टार्गेटवर, आयनांचा मारा करून अणू उडवणं) का करत नाही? पुरवठादारांच्या याद्यांमध्येसुद्धा या पदार्थापुढे 'आरएफ स्पटरिंग बरं' असाच शेरा असतो. टार्गेटच्या पृष्ठभागावर सुरुवातीला एक मूलद्रव्य जास्त उडतं, पण पंधरा-वीस मिनिटांत पृष्ठभाग स्वतःला सावरतो. त्यानंतर टार्गेटमध्ये जे प्रमाण तेच बाहेर पडतं. बाष्पीभवनात असं सावरणं नाही, तिथे साय वाढतच जाते.

७५ मिमी टार्गेट, इंडियमने तांब्याच्या प्लेटला चिकटवलेलं, १३.५६ मेगाहर्ट्झ, १५० वॅट, आर्गॉन ३ मिलिटॉर. पॉवर मिनिटाला १० वॅटने चढवायची आणि तशीच उतरवायची, नाहीतर टार्गेट तडकतं. इंडियम १५७ अंशांना वितळतं, म्हणून पाणी अडलं तर टार्गेट सुटून खाली येतं. दर कमी मिळतो, २०० नॅनोमीटरला तासभर सहज जातो. पण गुणोत्तर तर बरोबर येतं.

लहरलांबी

आर्गॉन यांच्याशी सहमत, आणि एक ठळक उदाहरण आहे. १९९९ मध्ये सोडलेल्या फ्यूज या अतिनील दुर्बिणीत चारपैकी दोन आरशांवर सिलिकॉन कार्बाइड होतं, उरलेल्या दोनांवर लिथियम फ्लोराइडखाली अॅल्युमिनियम. सुमारे १०० नॅनोमीटरखाली लिथियम फ्लोराइड प्रकाश गिळायला लागतं, तिथे कार्बाइडचे आरसे कामाला आले. तो थर आयन-बीम स्पटरिंगने चढवला होता. त्या पट्ट्यात किंचित ऑक्साइड किंवा मोकळा कार्बनही परावर्तन खातो.

पण धाग्याच्या मालकांकडे ई-बीम आहे आणि त्यांना मुखवटा हवाय, आरसा नाही. तेव्हा मोजमापाचं बोलू.

तो १०५० ते ११०० चा खांदा. यात दोन गोष्टी मिसळल्यात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध १०००-१०८० च्या पट्ट्यात येतो, ते खरं ऑक्साइड. पण नेहमीच्या चोक्राल्स्की (वितळलेल्या सिलिकॉनमधून ओढून वाढवलेल्या) वेफरच्या आतच विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि तो ११०७ ला स्वतःची रेघ देतो. त्याच वेफरचा थर नसलेला तुकडा संदर्भ म्हणून घ्या आणि वजा करा, मग काय उरतं ते बघा. ६१० ची रेघही वेफरचीच. ८०० चा पसरट उंचवटा सिलिकॉन-कार्बन बंधाचा. तो पसरट आहे कारण थर अस्फटिक आहे. २५० अंशांना स्फटिक बनायची अपेक्षाच नको.

काळ्या थरासाठी रमण (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाचं मोजमाप) करा. १३५० आणि १५८० ला जोडकुबड आलं तर मोकळा कार्बन. एक्सपीएस (एक्स-रेने अणूंचे बंध ओळखणं, आकडे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये) मिळालं तर कार्बन १एस २८३ च्या आसपास असेल तर कार्बाइड, २८४.५ ला असेल तर ग्राफाइटी कार्बन. सिलिकॉन २पी १०० ते १०१ मध्ये कार्बाइड, १०३ च्या पुढे ऑक्साइड. आर्गॉन वायूच्या आयनांनी खरवडून आत मोजाल तेव्हा खरवडण्यानेच प्रमाण थोडं बदलतं, हे लक्षात असू द्या. आणि ईडीएस (इलेक्ट्रॉन मारून निघणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं मोजणं) करणार असाल तर सिलिकॉन वेफरवर करू नका. २०० नॅनोमीटरचा थर इलेक्ट्रॉन सहज पार करतो आणि खालचं सिलिकॉन मोजून तुम्हाला आनंदाची बातमी देतो. नीलमचा तुकडा रनमध्ये ठेवा, ५ किलोव्होल्टवर मोजा.

२०० की २५५? मॉनिटर जाडी मोजत नाही, वस्तुमान मोजतो आणि तुम्ही भरलेल्या घनतेने भागतो. ३.२२ भरली असणार. टूलिंग फॅक्टर (मॉनिटरवर आणि वेफरवर बसणाऱ्या मालाचं गुणोत्तर) बरोबर असेल तर खरी घनता ३.२२ गुणिले २०० भागिले २५५, म्हणजे २.५३. पण टूलिंगवर आंधळा भरवसा नको, वजन करा. १०० मिमी वेफरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, २५५ नॅनोमीटर जाडीला २.५३ घनतेने साधारण ५ मिलिग्रॅम भरतात. ०.०१ मिलिग्रॅमच्या काट्यावर रनच्या आधी आणि नंतर वजन घ्या. वजन जुळलं तर दोष घनतेचा, नाही जुळलं तर टूलिंगचा. २.५ म्हणजे थर सैल आहे, किंवा कार्बन-सिलिकॉनची खिचडी आहे, किंवा दोन्ही.

ओलीबाकी

वाचनखूण साठवली.

ऑक्साइडचं कारण मात्र कोणी बोललं नाही, ते जोडते. २ई-६ टॉरला उरलेला वायू दर सेकंदाला साधारण दोन अणुथर बसतील इतका पृष्ठभागावर आदळतो (१ई-६ टॉर एक सेकंद, म्हणजे ढोबळ एक थर). तुमचा दर सेकंदाला १ अँगस्ट्रॉम, म्हणजे जेमतेम पाव ते अर्धा थर. सिलिकॉनच्या अणूंपेक्षा पाण्याचे रेणूच जास्त येऊन धडकतात! सगळे चिकटत नाहीत, पण सिलिकॉनला ऑक्सिजनची हाव आहे, जेवढे चिकटतात तेवढे पुरे.

उपाय: चेंबर रात्रभर पंप करा. हीटर चालू करून भिंती तापवा. द्रव नायट्रोजनची ट्रॅप असेल तर वापरा, पाणी तीच पकडते. दुसऱ्या कप्प्यात टायटॅनियम ठेवा आणि कार्बाइडच्या आधी शटर बंद ठेवून पाच मिनिटं उडवा. भिंतींवर बसलेलं ताजं टायटॅनियम ऑक्सिजन आणि पाणी ओढून घेतं, प्रेशर डोळ्यांसमोर खाली येतं. मग दर २ ते ३ अँगस्ट्रॉमवर न्या. फार वाढवाल तर तडतड परत येईल.

चिकटण्याबद्दल: वेफर भरण्याआधी २ टक्के एचएफमध्ये (हायड्रोफ्लोरिक अॅसिडमध्ये) ३० सेकंद, धुवा, वाळवा, १५ मिनिटांच्या आत चेंबरमध्ये. एचएफजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवलेलं असावं, कपाटात नाही. हे फक्त सिलिकॉन वेफरला. फ्यूज्ड सिलिकाचे तुकडे यात बुडवू नका, एचएफ त्यांनाच खातं.

त्या सिलिकाच्या गुंडाळ्या प्रसरणामुळे. सिलिकॉन कार्बाइड अंशामागे दशलक्षात ४, सिलिकॉन २.६, फ्यूज्ड सिलिका अवघी ०.५. २५० अंशांवर चढवून थंड केलं की थर आकसू पाहतो आणि सिलिका जागची हलत नाही. थर ताणला जातो. त्यात बाष्पीभवनाचे थर बहुधा आधीच ताणलेले असतात. सिलिकाचे तुकडे वेगळ्या रनमध्ये १२० ते १५० अंशांवर घ्या, जाडी १०० वर थांबवा, आणि ८० अंशांखाली आल्याशिवाय हवा सोडू नका. तासाभराने सुटतो याचा अर्थ हवेतली ओल फटींतून आत शिरते. तो थर सैल असल्याचा आणखी एक पुरावा.

पातळथर

छिद्रांचं काय करू? केओएच एका छिद्रातूनही आत जातो.

ओलीबाकी

१०० चढवा, बाहेर काढा, डीआय पाण्यात अल्ट्रासॉनिक, स्पिन ड्राय, १५० अंशांवर दहा मिनिटं, पुन्हा आत, पुन्हा १००. पहिल्या थरातला दाणा धुण्यात निघून जातो, त्याच्या खड्ड्यावर दुसरा थर बसतो. दोन्ही थरांतलं छिद्र एकाच जागी येण्याची शक्यता फार कमी. एका दमात २०० चढवण्यापेक्षा हे नेहमीच बरं.

आर्गॉन

आणि गन एकच असली तरी कप्पे चार आहेत. एकात सिलिकॉन, दुसऱ्यात ग्राफाइट ठेवून दोन्ही मिळून का नाही?

बीमवाला

दोन गन असत्या तर तेच सांगितलं असतं. घनता सिलिकॉनला २.३३ आणि अस्फटिक कार्बनला २.० धरली, तर एका सिलिकॉनला एक कार्बन पडण्यासाठी जाडीचे दर बरोबर २ : १ लागतात. सिलिकॉन २ अँगस्ट्रॉम, कार्बन १. दोघांना स्वतंत्र क्रिस्टल, मध्ये पत्र्याचा आडोसा, नाहीतर एकाची वाफ दुसऱ्याच्या मॉनिटरवर. एका गनने आळीपाळीने २ नॅनोमीटर-१ नॅनोमीटर असे थर देता येतील, पण २५० अंशांना ते एकजीव होत नाहीत. केओएच कडेने शिरून सिलिकॉनचे पापुद्रे चाटत आत जाईल. आयन सोर्सने बडवत चढवलं तर गोष्ट वेगळी.

काहीजण जुन्या भरणात वरून सिलिकॉनचे खडे टाकतात, 'साय पुन्हा कार्बाइड होईल' म्हणून. होते थोडी, पण अभिक्रिया उष्णता सोडते, खडा उकळतो आणि वेफरवर शिंतोडे. तसं करू नये.

पातळथर

ठरलं. सीव्हीडीचे तुकडे मागवतो, तोवर सिंटर्ड. बीम तीन चौरस सेंमी, दोन रनला भरण बदल, आधी टायटॅनियम, १०० अधिक १००. एक शंका राहिली: सीव्हीडी महाग आहे, दोन रननंतर काढलेले तुकडे फेकायचे का? उलटे करून वापरले तर?

कुरुंद

उलटे करू नका. साय कडांनी खालीही उतरलेली असते आणि कोणता तुकडा किती रिकामा झालाय हे कळत नाही.

फेकूही नका. मफल भट्टीत अॅल्युमिनाच्या तबकात एकाच थरात पसरा, ७५० अंश, भट्टीचं दार किंचित उघडं किंवा हवेचा झोत चालू. ग्राफाइट जळून जातं, कार्बाइड तसंच राहतं, फक्त वर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. चार तासांनी थंड करून वजन करा, पुन्हा चार तास, पुन्हा वजन. वजन उतरायचं थांबलं की साय संपली. जाड साय असेल तर तीन-चार फेऱ्या लागतात. आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवा, किती ग्रॅम कार्बन होता ते तिथेच कळतं, आणि दोन रन हा आकडा तुमच्या बीमला बरोबर आहे की दीडच हवा हेही. मग ५ टक्के एचएफमध्ये दहा मिनिटं ऑक्साइड काढायला, भरपूर पाणी, १५० अंशांवर वाळवण. ३ मिमीच्या चाळणीवर जे राहील ते परत कप्प्यात.

रिअॅक्शन बॉन्डेड मालाला मात्र ही मेहनत करू नका. तो तसाच बाजूला ठेवा.

बीमवाला

आणि चेंबरच्या भिंतींवरची खपली कोरड्या सँडपेपरने घासू नका. बारीक सिलिकॉन आणि कार्बनची धूळ पेटते, फुफ्फुसालाही वाईट. भिंतींना आधीच अॅल्युमिनियम फॉइल लावा, गुंडाळून काढा. उरलेलं हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूम क्लीनरने, एन ९५ मास्क लावून.